मामाचं दुखणं भाच्याला

रशियाचा युवराज अलेक्सेई याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार होता. त्याचा मामा फ्रेडरिक १८७३ मध्ये खिडकीतून पडला आणि डोक्यातल्या रक्तस्रावाने त्याच दिवशी गेला. तेव्हा तो जेमतेम अडीच वर्षांचा होता. फ्रेडरिकचा मामा म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड. त्यालाही हेच दुखणं. मधल्या दोघी, व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस (फ्रेडरिकची आई) आणि नात अलेक्झांड्रा (अलेक्सेईची आई), या वाहक होत्या.

रक्त गोठायला लागणाऱ्या ‘फॅक्टर’चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. तो सदोष निघाला तर मदतीला दुसरा नसतो. मुलीकडे दोन असल्याने तिचं बहुधा निभावतं. वाहक आईच्या प्रत्येक बाळंतपणात सदोष एक्स बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते.

खरी गंमत लिओपोल्डच्या मुलांत दिसते. बाप मुलाला वाय देतो, म्हणून त्याचा मुलगा चार्ल्स एडवर्ड या आजारातून साफ सुटला. मुलीला मात्र बापाचा एकुलता एक्स मिळणारच. त्यामुळे ती (तिचंही नाव ॲलिसच) वाहक असणार, हे ठरलेलंच होतं. तिचा मुलगा रूपर्ट १९२८ मध्ये मोटार अपघातानंतरच्या रक्तस्रावाने दगावला. दुखणं आजोबाचं, भोगलं नातवाने.

तरीही बोल लागतो तो आईलाच. हा निव्वळ अन्याय आहे. कोणता एक्स बाळाला द्यायचा, हे तिच्या हातात नसतं. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. खुद्द व्हिक्टोरियाच्या वडिलांनाही हिमोफिलिया नव्हता.

रशियात येकातेरिनबुर्गजवळ सापडलेल्या अलेक्सेई आणि अलेक्झांड्रा यांच्या हाडांमधल्या डीएनएवरून २००९ मध्ये कळलं, की या राजघराण्यातला दोष ‘फॅक्टर नाइन’च्या जनुकात होता. म्हणजे हिमोफिलिया बी. त्या काळी यावर औषध नव्हतं. आज तो फॅक्टर शिरेतून देता येतो.

आपल्याकडे मुलाचं निदान झालं, की घरातल्या बायकांची तपासणी राहूनच जाते. वाहक बाईच्या रक्तातही फॅक्टर कमी असू शकतो. पाळीत फार रक्त जाणं, दात काढल्यावर रक्त न थांबणं, बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव या तक्रारींमागे तेच कारण असू शकतं. म्हणून रुग्णाची आई, बहीण आणि मावशी यांच्या फॅक्टरची पातळी मोजून घ्यावी. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल, तर ती पातळी आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.