थ्रेसमधील मुस्लिम स्त्रियांचे वैयक्तिक कायद्यातील हक्क

ग्रीसच्या ईशान्येकडील पश्चिम थ्रेस ह्या प्रदेशात सुमारे एक लाख मुसलमान राहतात. त्यांत तुर्की भाषिक, पोमाक व रोमा असे गट आहेत. त्यांच्या कौटुंबिक बाबींना शरीअत लागू करण्याची पद्धत ऑटोमन काळापासून चालत आली. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-विनिमयातून ह्या समाजाला वगळण्यात आले आणि त्याच वर्षीच्या लोझान तहाने अल्पसंख्याकांच्या धर्माचाराला संरक्षण दिले. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्विस नमुन्याची दिवाणी संहिता स्वीकारून शरीअत रद्द केली. थ्रेसमध्ये मात्र ती टिकून राहिली.

१९९१ च्या कायद्यानुसार शासननियुक्त मुफ्तींना विवाह, घटस्फोट, पोटगी, पालकत्व व वारसा ह्यांसंबंधीचे तंटे निकालात काढण्याचा अधिकार होता. कोमोतिनी, झांथी व दिदिमोतिखो ही मुफ्तींची ठाणी होत. मुफ्तींचा निर्णय संविधानाशी विसंगत नाही, अशी दिवाणी न्यायालयाने खात्री केल्यावरच त्याची अंमलबजावणी होई. परंतु ही तपासणी बहुधा औपचारिकच राहिली. शरीअतनुसार कन्येला पुत्राच्या निम्मा वाटा मिळतो. निपुत्रिक विधवेला एक-चतुर्थांश, तर संतती असल्यास एक-अष्टमांश वाटा मिळतो. पत्नीला केवळ स्वेच्छेने घटस्फोट देता येत नाही. त्यासाठी तिला विशिष्ट कारणे दाखवावी लागतात किंवा महरावरील हक्क सोडून पतीची संमती मिळवावी लागते. १९८२ पासून ग्रीसमध्ये नोंदणी विवाहाचा पर्याय उपलब्ध झाला.

ह्या व्यवस्थेतील मूळ प्रश्न एका विधवेच्या दाव्यातून स्पष्ट झाला. तिच्या पतीने २००३ मध्ये ग्रीक दिवाणी संहितेप्रमाणे मृत्युपत्र करून सर्व मालमत्ता तिला दिली होती. २००८ मध्ये तो मरण पावल्यावर त्याच्या बहिणींनी मृत्युपत्राला हरकत घेतली. खालच्या न्यायालयांनी विधवेच्या बाजूने निर्णय दिले. परंतु मुसलमानाच्या वारशाला शरीअतच लागू होते, असे सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविल्यामुळे तिला तीन-चतुर्थांश मालमत्तेस मुकावे लागले. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९ डिसेंबर २०१८ रोजी एकमताने हा भेदभाव ठरविला. अल्पसंख्याकांसाठी असलेले संरक्षण स्वीकारण्याची सक्ती त्या समाजातील व्यक्तीवर करता येत नाही, हे ह्या निर्णयाचे सार होय.

तत्पूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, ग्रीसने कायदा बदलून मुफ्तींचे अधिकारक्षेत्र ऐच्छिक केले. आता उभय पक्षांची संमती असेल, तरच तंटा मुफ्तीकडे जातो. एरवी दिवाणी न्यायालयच निर्णय देते. वारशाला शरीअत लागू व्हावी, अशी इच्छा असणाऱ्याने हयातीत नोटरीसमोर तसे नमूद करावे लागते. समाजाला दिलेले संरक्षण त्यातील स्त्रीला बंधनकारक ठरू नये, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले. तथापि लहान, घट्ट बांधलेल्या समाजात कुटुंबाच्या दडपणाखाली दिलेली संमती कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न कायद्याच्या अक्षराने सुटत नाही. स्त्रीशिक्षण, आर्थिक स्वावलंबन व दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची प्रत्यक्ष सोय ह्यांवरच त्याचे उत्तर अवलंबून आहे.