पंचनाम्याआधी सरण रचू नका

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर कडबा काढताना एका बाईंना साप चावला. दवाखाना गाठायच्या आत वाटेतच त्या गेल्या. पाहुणे जमले, आभाळ भरून आलेलं, संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. पोलिसांत वर्दी नाही, शवविच्छेदन नाही. तेराव्यानंतर मुलगा माझ्याकडे अपघात अनुदानाचा अर्ज घेऊन आला. सातबारा आईच्या नावावर, वय बसत होतं, साप चावल्याचं अख्ख्या वस्तीला ठाऊक. कागद मात्र एकही नाही. आईची चिरफाड नको म्हणून आम्हीच घाई केली, असं तो सांगत होता. प्रस्ताव पुढे सरकला नाही.

शेतकरी बांधवांनो, साप, वीज, विहीर, फवारणी, ट्रॅक्टर यांपैकी कशानेही माणूस गेला तर पोलीस चौकशी होतेच. त्यात घरच्यांवर संशय घेतला असा अर्थ नसतो. मुंबई शहरात या कामाला १९९९ पर्यंत कोरोनर होता. आपल्या खेड्यांत हे काम पोलीस आणि दंडाधिकारीच करतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. जुन्या माणसांच्या तोंडी अजून १७४ च आहे.

प्रथम पोलीस पाटलांना सांगा, ते ठाण्याला कळवतील. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. जमादार येऊन गावातल्या किमान दोन पंचांसमोर प्रेताचा आणि जागेचा पंचनामा करतो. तोवर प्रेत हलवू नका. जीव असेल तर मात्र कशाचीही वाट न बघता दवाखान्यात न्या. औषधाचा डबा, पंप, तुटलेली तार जिथल्या तिथे राहू द्या. तारेला तर हातच लावू नका, आधी वीज बंद करून घ्या. पंचनाम्याचा अहवाल २४ तासांत उपविभागीय किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा मृत्यू झाला तर चौकशी अधिक कडक असते, हे सासर-माहेर दोघांनीही ध्यानात ठेवावं.

शवविच्छेदनाला सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. प्रेत शिवून, नीट गुंडाळून ताब्यात देतात, अंत्यविधी रीतीप्रमाणे करता येतो. उशिरा प्रेत नेलं तर बहुधा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली, पण ती सोय असलेल्या रुग्णालयांपुरती. ती रात्र शवागाराबाहेर काढणं फार जड जातं, हे मी पाहिलंय. तरी काढा.

आता खरी मेख. जबाब. घरचा माणूस भानावर नसतो, जमादार लिहितो आणि खाली अंगठा उठतो. फवारणी करताना विषबाधा होऊन गेलेल्या माणसाच्या कागदावर 'विषारी औषध प्राशन केल्याने' एवढं एक वाक्य पडलं की अपघाताची आत्महत्या होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून मी प्रत्येक घरी एकच सांगतो, जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शिकल्या पोराकडून वाचवून घ्या आणि मगच सही करा. कोणतं औषध, किती वेळ फवारत होते, त्रास कधी सुरू झाला, हे त्यात आलं पाहिजे. आणि जे घडलं तेच सांगा. खरोखर आत्महत्या असेल तर ती लपवू नका. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत १ लाखाच्या मदतीची वेगळी वाट आहे.

विषाचा संशय असला की व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि डॉक्टर मृत्यूचं कारण 'राखून ठेवले' असं लिहितात. घाबरू नका. अहवालाला महिने लागतात, मागे लागावं लागतं. ठाण्यातला अकस्मात मृत्यू क्रमांक वहीत टिपून ठेवा, पुढची विचारणा त्यावरच होते.

दरम्यान, हातावर हात ठेवून बसू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत. वय १० ते ७५, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य पात्र. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सातबारा, सहा-क ची वारस नोंद, मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. एखादा अहवाल यायचा असेल तरी अर्ज मुदतीत देऊन पोच घ्या. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करा. विजेच्या अपघातात विद्युत निरीक्षकांची चौकशी निराळी होते, तिच्या अहवालाची प्रतही मागून घ्या.

ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. दुखवट्याच्या घरात कागदाचं कुणाला सुचत नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला जाल तेव्हा हे कागद कोणते ते एका चिठ्ठीवर लिहून थोरल्या मुलाच्या हातात द्या.