मांडीवरचा नातू

इंग्लंडला लेकीकडे गेलो. गाडीत बसताच नातवाला मांडीवर घ्यायला हात पुढे केले. "बाबा, इथे चालत नाही." तो १३ महिन्यांचा, उंचीवर बेतलेल्या नव्या नियमाच्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच. कारण साधं: समोरून धडक बसली की बाळाचं जड डोकं पुढे झेपावतं, उलटं बसवलं तर डोकं-मान-पाठ सीटच सावरते. जाड जॅकेट काढून तिने पट्टा आवळला, खांद्याजवळ चिमटीत धरून पाहिला. चिमटीत येईना, तेव्हा गाडी सुरू. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर बालआसन हवंच.

आपल्याकडेही वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड. पुण्यात याच लेकीला लहानपणी मी फियाटमध्ये पुढे, मांडीवर घेऊन हिंडलो. स्टिअरिंगसुद्धा धरू द्यायचो!