डिस्क मोठी, पत्ता तोकडा

विंडोज ९८वर चालणाऱ्या जुन्या संगणकाला २५० जीबीची डिस्क जोडली, तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच बिघडत नाही. फायली उघडतात, गाणी वाजतात. गोची होते ती साठा १३७ जीबीच्या पलीकडे सरकल्यावर. मग एके दिवशी संगणक सुरूच होत नाही.

डिस्कवरची माहिती ५१२ बाइटच्या खणांत असते. हे सेक्टर. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तो सांगायला त्या काळच्या डिस्कजोडणीत २८ बिट होते. त्यांत २६,८४,३५,४५६ क्रमांक मावतात. गुणिले ५१२ केले की झाले १३७ जीबी. त्यापुढचा खण मागितला, तर विंडोज ९८चा ड्रायव्हर वरचे आकडे गाळतो. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९नंतर शून्यावर यायचा, तसंच. शेवटाकडे लिहायचा मजकूर डिस्कच्या आरंभी जाऊन बसतो, नेमका जिथे विभागांचा तक्ता आणि फायलींची नोंद असते तिथे. पडद्यावर मात्र चकार शब्द नाही!

मला या मर्यादेपेक्षा हा मुकेपणा घातक वाटतो. डॉसवर फॅट-१६ या जुन्या फाइलपद्धतीचा विभाग २ जीबीहून मोठा करताच येत नसे. चिडचीड व्हायची, पण माहिती शाबूत राहायची.

पुढे क्रमांक ४८ बिटांचा झाला. २००२मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने तो स्वीकारला. विंडोज ९८च्या वाट्याला मायक्रोसॉफ्टकडून तो कधीच आला नाही. हौशी प्रोग्रामरांनी तिचा ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त केला, ही गोष्ट वेगळी. एक्सपीची तरी कटकट कुठे संपली? विभागांच्या तक्त्यात खणांची संख्या लिहायला ३२च बिट, म्हणजे २.२ टीबीला पुन्हा भिंत. ३ टीबीची डिस्क जोडलेल्या अनेकांना एक्सपीत ७४६ जीबी दिसले. विंडोजच्या थोड्या मोठ्या जीबीत मोजलेली २०४८ जीबीची एक फेरी पूर्ण करून मीटर पुढे आला होता, तेवढाच तो आकडा.

जुना हिशेब किंवा एखादं यंत्र अजून विंडोज ९८वर चालत असेल, तर मोठ्या डिस्कच्या सुरुवातीचे १२० जीबीच विभागून घ्या आणि उरलेली जागा सरळ मोकळी सोडा. मर्यादेपलीकडे लिहून झालं असल्याची शंका आली, तर स्कॅनडिस्क चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली तो उरलीसुरली नोंदही पुसू शकतो. डिस्क काढून नव्या संगणकाला जोडा आणि आधी तिची प्रत घ्या.