स्टेगास्टाइन: डोंगर सोडून हवेत गेलेला सज्जा

नॉर्वेतल्या आउरलँड फ्योर्डवर, पाण्यापासून ६५० मीटर उंचीवर, एक लाकडी सज्जा डोंगर सोडून थेट हवेत निघतो. लांबी ३० मीटर, रुंदी जेमतेम ४. टॉड साँडर्स आणि टॉमी विल्हेल्मसेन या वास्तुरचनाकारांचं हे २००६ सालचं काम मला फार आवडतं, कारण ते डोंगरावर कुरघोडी करत नाही. जागेवरची मोठी पाइनची झाडंही त्यांनी राखली.

आत पोलाद, वर पाइनच्या फळ्या थरावर थर चिकटवून केलेलं लाकूड. अशा लाकडाला हवा तसा बाक देता येतो आणि वजनाच्या मानाने ते दणकट असतं.

खरी कमाल टोकाला! लाकूड तिथे थांबत नाही, धबधब्यासारखं वळून खाली जातं. पुढे फक्त बाहेर कललेली काच. समोर कठडा दिसतच नाही.

अशा रचनेत ताकदीइतकाच थरथरीचा हिशेब करावा लागतो. सज्जा कितीही भक्कम असला, तरी चालताना हलू लागला तर टोकापर्यंत जाणार कोण? हलक्या बांधकामात हे जास्त अवघड, कारण हादरे जिरवायला मुळात वजनच कमी असतं.