एकच भाडेकरू, एकच आधार

गुरुग्राम, नोएडा किंवा दिल्लीत एखादा व्यापारी गाळा घ्यावा, तो नामांकित कंपनीस नऊ वर्षांच्या कराराने द्यावा आणि दरमहा भाडे खात्यात जमा व्हावे, असे निवृत्तीच्या उंबरठ्यावरील अनेकांना वाटते. देखभालीचा खर्च भाडेकरूकडे व दर तीन वर्षांनी भाडेवाढ, असे करारात असले की ही गुंतवणूक मुदत ठेवीइतकी निर्धोक भासू लागते. वस्तुतः ती तशी नाही.

उदाहरणादाखल, गाळ्याची किंमत २ कोटी रुपये व मासिक भाडे १ लाख २० हजार रुपये मानू. वार्षिक परतावा ७.२ टक्के होतो. भाडेकरू गेल्यावर गाळा सहा महिने रिकामा राहिला, तर त्या वर्षी हाती ३.६ टक्केच येतात. दलाली, दुरुस्ती व मालमत्ता कर त्यातूनच भागवावा लागतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय अशा गाळ्याची किंमत बहुधा भाड्यावरूनच ठरते. शेजारचे गाळे ९० हजारांना जात असतील, तर त्याच हिशेबाने या गाळ्याचे मोल दीड कोटीच भरते.

करार नऊ वर्षांचा असला, तरी 'लॉक-इन'चा काळ अनेकदा तीनच वर्षांचा असतो. त्यानंतर पूर्वसूचना देऊन भाडेकरू जाऊ शकतो.

जागेची वैधताही तितकीच महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००६ मधील आदेशानंतर दिल्लीच्या निवासी भागांतील अनधिकृत व्यापारी जागांना सील ठोकण्यात आले. अशा वेळी भाडेकरू कितीही सधन असला, तरी मालकास त्याचा उपयोग नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत खान मार्केटमधील एका दुकानाचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. केवळ टाळेबंदीमुळे भाडे स्थगित होत नाही, असा निर्णय २१ मे २०२० रोजी झाला. मात्र भाडेकरूस भरण्यासाठी काही सवलत मिळाली. हक्क शाबूत राहिला, तरी पैसे विलंबाने येऊ शकतात, हे यातून दिसते.

म्हणून व्यवहारापूर्वी मालकी हक्क, भू-वापराची परवानगी, भाडेकरूचा ताळेबंद व परिसरातील प्रचलित भाडे तपासावे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी करून घ्यावी. पुरेशी अनामत घ्यावी आणि किमान सहा महिन्यांचे हप्ते स्वतंत्र बाजूस ठेवावेत. एवढी तयारी नसल्यास आयुष्यभराची पुंजी एकाच गाळ्यात गुंतवू नये, हेच श्रेयस्कर.