पणजीचं माहेरचं नाव काय?

मित्रांनो, आज एक छोटीशी परीक्षा घेऊ या. वही-पेन घ्या आणि आई-बाबांची पूर्ण नावं लिहा. जमलं? आता दोन्ही आजोबांची आणि दोन्ही आज्यांची लिहा. तेही जमलं असेल. आता चार पणजोबा आणि चार पणज्या! इथं मात्र पेन अडलं की नाही?

बाबांच्या बाजूच्या पणजोबांचं नाव तुम्हांला कुणाला न विचारताही मिळेल. आजोबांचं पूर्ण नाव पाहा. त्यातलं मधलं नाव म्हणजेच पणजोबा! पण पणजीचं काय? तिचं नाव कुणाच्याच नावात बसत नाही. ते शोधावंच लागतं. चला तर, आपल्या सातारा-सांगली भागात हा शोध कसा घ्यायचा ते पाहू.

सुरुवात शाळेपासून करा. प्रत्येक प्राथमिक शाळेत जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही असते. मुलाचं नाव, वडलांचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख, शाळेत कधी आला, कधी सोडली, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून मिळतो. आपल्याकडे शंभरी ओलांडलेल्या शाळा पुष्कळ आहेत, तेव्हा पणजोबांचं नाव तिथं सापडू शकतं. मात्र जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका हं! पूर्वी घरोघरी तारीख लिहून ठेवत नसत. मुलानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडला, की ते शाळेत जाण्याएवढं झालं असं समजत आणि गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. तुमच्या नात्यात १ जूनला वाढदिवस असणारे किती जण आहेत, मोजून पाहा बरं!

घरची शेती असेल तर बाबांबरोबर तलाठी कार्यालयात जा. सातबाऱ्यावर आजच्या मालकाचं नाव असतं. ती जमीन त्याच्याकडे कशी आली, हे फेरफार सांगतो. ‘अमुक मयत, वारस अमुक’ अशी नोंद तिथं असते. एकेक फेरफार मागं जात राहिलात की पिढ्यांची शिडीच हाती लागते. १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला. त्यानंतरच्या नोंदींत वारस म्हणून मुलींची नावंही दिसू लागतात. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद ‘गाव नमुना नंबर १४’ मध्ये असते. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कचेरीच्या रेकॉर्डमध्ये पाहायला मिळते. तिच्यात बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची! बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढ्यावरच भागवलेलं असतं.

आता एक गंमत. पणजोबा तासगावचे, पण दाखल्यावर जिल्हा सातारा! ही चूक नव्हे. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. सांगली, मिरज, जत ही तर संस्थानं होती आणि आटपाडी औंध संस्थानात होती. म्हणून कागद शोधताना गावाचं आजचं आणि जुनं, दोन्ही पत्ते माहीत हवेत.

जुन्या कागदावर शके १८४७ असं दिसलं तर घाबरू नका. त्यात ७८ मिळवा, झाले १९२५! (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेत मात्र ७९ मिळवायचे.) अक्षरं वळणावळणाची, जोडलेली आणि वर एकच लांब रेघ, असं असेल तर ती मोडी लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवत असत. एखादे पणजोबा किंवा मोडीचा वर्ग केलेले काका ती तुम्हांला वाचून दाखवतील. तुम्हीही शिकू शकता. थोड्या सरावानं नावं तरी ओळखता येतात.

‘पण जनगणनेत तर सगळ्यांची नावं असतील ना?’ असं तुमच्यातला एखादा हुशार विचारेल. आपल्याकडची पहिली देशव्यापी, एकाच वेळी झालेली जनगणना १८८१ सालची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत ती होत आली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं झाली की जनगणनेची पानं नावांसकट खुली करतात. तिथली १९२१ ची पानं २०२२ साली लोकांना पाहायला मिळाली. आपल्याकडे मात्र १९४८ च्या जनगणना कायद्यानं माणसाची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवली जाते. जनगणनेच्या पुस्तकात तुमच्या गावात किती घरं, किती माणसं हे सापडेल, पण पणजी त्या आकड्यातली एक होऊन बसलेली असते. तिचं नाव तिथं नाही.

मग लग्नाच्या नोंदीत? लग्न नोंदवण्याचा कायदा मुंबई राज्यात १९५३ साली झाला, पण खेड्यापाड्यांत कोण नोंदवत होतं? तेव्हा घरातली पेटी, ट्रंक धुंडाळा. लग्नाची पत्रिका, दोन्हीकडच्यांनी देण्याघेण्याची केलेली ‘याद’, आहेराची वही यांपैकी काही ना काही हाती लागेल. आहेराच्या वहीत मामाचं नाव आणि गाव असलं, तर तेच पणजीचं माहेर!

सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत अजून एक चालतीबोलती वही येते. ते म्हणजे हेळवी. बैल घेऊन ते दारात येतात आणि तुमच्या घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचून दाखवतात. घरात नवं बाळ जन्मलं असेल तर त्याचं नाव वहीत घालतात आणि धान्य, कपडे, पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. पुढच्या वेळी हेळवी आले की शेजारी बसून ऐका. पण त्यातही बहुतेक नावं पुरुषांचीच असतात.

आलं ना लक्षात? कागदाला सगळीच माणसं दिसत नाहीत. ज्याच्याकडे जमीन होती त्याचा फेरफार झाला. जो दुसऱ्याच्या रानात राबला, त्याचा कुठून होणार? जो शाळेत गेला त्याचं नाव रजिस्टरात आलं. पणजीला तर शाळेत कुणी पाठवलंच नसेल. त्यातून पुष्कळ घरांत लग्नात नवरीचं नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरच्यांच्या तोंडीच काय ते उरायचं. तुमच्या घरात एकही कागद सापडला नाही, तरी हिरमुसू नका. कागद नाही म्हणून पूर्वज कमी मोलाचे ठरत नाहीत.

अशा वेळी उपयोगी पडतात ती घरातली म्हातारी माणसं. त्यांना साल विचारू नका, आठवण विचारा. ‘आजी, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तू केवढी होतीस?’ तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. १९७२ चा दुष्काळ, १९४८ साली गांधीजींची हत्या झाली तो काळ, १९४३ ते १९४६ चं पत्री सरकार, या सगळ्या त्यांच्या मनातल्या तारखा आहेत. त्यांच्या आई-सासूबाईंनी सांगितलेली १९१८ ची मानमोडीची साथही त्यांना ठाऊक असेल. ‘पणजीला माहेरी काय म्हणून हाक मारायचे?’ हे विसरू नका. एखादी आठवण दुःखाची निघाली आणि आजी गप्प झाली, तर तिथंच थांबा. आणखी खोदून विचारायचं नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलांना आईकडच्या बाजूचाही शोध घेऊ द्या. मामाच्या गावचं रजिस्टरही तितकंच आपलं आहे.

आता एक चांगली बातमी. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांसाठी महाराष्ट्र सरकारनं नवा नियम केला आहे. सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव! तुमच्या धाकट्या भावंडांच्या पतवंडांना पणजीचं नाव शोधत फिरावं लागणार नाही. ते नावातच असेल.

तुमच्या पणजीचं नाव मात्र तुम्हांलाच लिहायचं आहे. ज्यांना ते आठवतं अशी माणसं आता घरात एखाद-दुसरीच उरली असतील. मग आज संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसणार ना?